बिनउताराची नहर

मे महिन्यात सावली सोडून जाणाऱ्याला आमच्याकडे कुणी नावं ठेवत नाही. पारा 45 च्या वर गेलेला असतो, बोड्या आटून तळाला भेगा पडलेल्या असतात, तेंदूपानाची लगबग चालू असते आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. पण मी ॲमस्टरडॅमला चाललो म्हटल्यावर टपरीवर कुणीतरी विचारलं, तिथं पाहण्यासारखं काय? मी म्हटलं, नहर. "साहेब, सारी नोकरी नहरीवर काढली, आता पैसे खर्चून नहरच पाहाले चाललात?" यावर झालेला हशा रास्तच होता. असोलामेंढ्याची नहर पाहायला तिकीट लागत नाही.

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त कालवा निरीक्षक. सावली हे चंद्रपूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मूलहून गडचिरोलीला जाताना लागतं. पुढं व्याहाड गेलं की वैनगंगेचा पूल आणि पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा. बाहेरच्या माणसाला सावली माहीत असलीच तर खादीमुळे, किंवा 1936 साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी इथं आले होते म्हणून. आमचा स्वतःचा हिशेब मात्र धानावर चालतो आणि धानाचा हिशेब पाण्यावर. तालुक्यातला असोलामेंढा तलाव इंग्रज आमदनीतला. पावसाळ्यात त्याचा सांडवा वाहू लागला की चंद्रपूर-गडचिरोलीकडचे लोक गाड्या भरभरून भिजायला येतात. आता त्याच तलावात गोसीखुर्द धरणाचं पाणी शंभरेक किलोमीटरच्या उजव्या कालव्यातून आणून सोडलेलं आहे. त्या धरणाची पायाभरणी 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते झाली. मूळ अंदाज होता 372 कोटींचा. पुढचे आकडे वर्तमानपत्रात वाचावेत.

इतकी वर्षं नहरीवर सायकल चालवल्यामुळे एक खोड जडली आहे. कालवा दिसला की माझी नजर पाण्याच्या शोभेकडे जात नाही, काठावरच्या गेजकडे जाते. पाणी किती सेंटिमीटरनं चाललंय, कुणी मध्येच पाइप टाकलाय का, भराव कुठं पाझरतोय. ही नजर घेऊन मी युरोपातलं एक देखणं शहर पाहिलं. त्यामुळे इथं ट्युलिपची वर्णनं फारशी सापडणार नाहीत, आणि तसंही मे महिन्याच्या मध्यापर्यंत ट्युलिपचा बहर सरलेला असतो.

मुलगी आणि जावई ॲम्स्टेलवेनला राहतात. हे ॲमस्टरडॅमला चिकटलेलं गाव. संगणकाच्या नोकऱ्यांपायी आलेली भारतीय कुटुंबं तिथं इतकी आहेत की कोपऱ्यावरच्या दुकानात कढीपत्ता नि हिंग दोन्ही मिळतात. विमान उतरताना जावई मोबाइलवर लिहीत होते, "बाबा, आता तुम्ही समुद्राच्या खाली आलात." ती थट्टा नव्हती. स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या 3 ते 4 मीटर खाली आहे. एके काळी तिथं हार्लेमरमेर नावाचं मोठं सरोवर होतं. वादळात ते आजूबाजूची जमीन खात सुटायचं. मग सभोवती बांध घातला, कडेनं कालवा खणला, वाफेवर चालणारे तीन प्रचंड पंप बसवले आणि 1849 ते 1852 या काळात सगळं पाणी उपसून काढलं. सुमारे 18 हजार हेक्टर जमीन कोरडी झाली. त्या जमिनीवर आज विमानं उतरतात. आपल्याकडे तलावाच्या पोटात कुणी धान लावलं तर नोटीस काढायची वेळ येते.

पहिल्याच दिवशी मुलीनं 5 नंबरच्या ट्रामनं शहरात नेलं आणि एका कमानीच्या पुलावर उभं केलं. दोन्ही काठांना उंच, अरुंद, विटांची घरं. माथ्यावर नक्षीदार त्रिकोण, त्रिकोणात पुढं आलेली तुळई आणि तुळईला आकडा. काठानं एल्मची झाडं. आमच्या वावळाच्या कुळातलंच हे झाड आणि बीही तसंच, कागदी चकतीच्या मधोमध एक दाणा. वारा आला की त्या चकत्या झुंडीनं उडायच्या आणि पाण्यावर पसरायच्या. मुलगी फोटो काढत होती. बायकोनं बराच वेळ पाहून घेतलं आणि म्हणाली, "एवढं पानी, आन् एकबी बांधी नाही!" बांधी म्हणजे धानाचं खाचर. मी त्या चकत्यांकडे पाहत होतो. त्या हलत नव्हत्या. पाण्याचा वेग पाहायचा तर आम्ही काडी टाकतो नि घड्याळ लावतो. इथं निसर्गानंच हजारो काड्या टाकून ठेवल्या होत्या आणि सगळ्या जागच्या जागी.

कालवा म्हटला की आधी उतार. पाच हजाराला एक, तीन हजाराला एक, जशी जमीन असेल तसा; पण उतार हवाच. लेव्हल घेण्यात हाताची पट्टी जराशी कलली तर पुढं दहा वर्षं टेलच्या, म्हणजे नहरीच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या शिव्या खाव्या लागतात. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांना उतार नाही. शहरभरच्या कालव्यांत पाणी एकाच पातळीला उभं असतं, आणि ती पातळी ठरलेली आहे: शहरानंच ठरवलेल्या शून्य रेषेच्या 40 सेंटिमीटर खाली. आमच्या नहरीवरचं बहुतेक राजकारण उतारातून निघतं. मुखाकडचा शेतकरी आपली बांधी भरून घेतो आणि टेलवाला रात्री बॅटरी घेऊन पाण्याची वाट पाहतो. इथल्या कालव्याला टेलच नाही. ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला आणि एकदा शिरल्यावर बाकीचं शहर मी याच अंगानं पाहत गेलो.

मग पाणी कुजत कसं नाही? एके काळी कुजायचंच. सतराव्या शतकात व्यापार तेजीत आला, शहर फुगलं, आणि 1613 पासून जुन्या गावाभोवती हेरेनग्राख्त, कायझरग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त हे तीन कालवे अर्धगोलात खणले. खणलेली माती टाकून काठची जागा उंच केली, तिचे प्लॉट पाडून विकले. माल नावेनं थेट घराच्या दारात यायचा नि आकड्याला दोर लावून वरच्या मजल्यावरच्या कोठारात चढायचा. पण घराघरांतली घाणही त्याच पाण्यात जायची. उन्हाळ्यात इतका वास सुटे की सावकार मंडळी गावाबाहेरच्या बंगल्यांत राहायला जात. एकोणिसाव्या शतकात, 1879 च्या सुमारास, शहराच्या पूर्वेला झेबर्ग इथं उपसा केंद्र उभं राहिलं. आजही तिथले पंप बाहेरचं गोडं पाणी आत ढकलतात. त्यासाठी रात्री शहरातली पाण्याची दारं मिटतात, ताजं पाणी ठरल्या वाटेनं कालव्याकालव्यांतून फिरतं आणि जुनं पश्चिमेकडून बाहेर पडतं. जो उतार जमिनीनं दिला नाही, तो पंपानं उसना आणलेला आहे.

ही दारं पाहायची असा हट्ट मी धरला. मुलीला वाटलं होतं बाबांना व्हॅन गॉग दाखवू. तोही पाहिला, रेम्ब्राँटही पाहिला, ॲन फ्रँकचं घर जिथं आहे त्या प्रिन्सेनग्राख्तवरची रांगही पाहिली. या सगळ्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय. पण आम्स्टेल नदीवर, कारे नाट्यगृहासमोर, जी जुनी दारं आहेत त्यांच्याबद्दल मी तरी वाचलं नव्हतं. ती मूळची 1670 च्या दशकातली, योहानेस हुडे यांच्या आखणीची. हे गृहस्थ गणिती, आणि शहराचे महापौरही. दारांची रचना साधी: दोन लाकडी पल्ले, मिटले की मधोमध किंचित कोन करून एकमेकांना भिडतात. पाण्याचा दाब जितका वाढेल तितके ते घट्ट बसतात. त्यांना कडी लागत नाही. मी पल्ल्याच्या सांध्याशी ओणवा झालो. लाकूड काळं, शेवाळलेलं, कडेला लोखंडी पट्ट्या. सांध्यातून पाण्याची करंगळीएवढी धार येत होती. माझ्या गेटमधून एवढंच पाणी गळत असतं तर मी साहेबाला शंभर टक्के बंद म्हणून लिहून दिलं असतं.

लाकडाचं म्हणाल तर हे सगळं शहरच लाकडावर उभं आहे. खाली दलदल, कुजक्या वनस्पतींचा पीटचा थर. वाळूचा टणक थर लागायचा तर 12 मीटरच्या आसपास खाली जावं लागतं. म्हणून झाडांचे सोट उलटे ठोकायचे आणि त्यांच्या माथ्यावर भिंत उचलायची. दाम चौकातला राजवाडा 1648 मध्ये नगरभवन म्हणून बांधायला घेतला, त्याच्या खाली 13,659 सोट आहेत. हा आकडा तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असतो: वर्षाचे दिवस 365, आधी 1, नंतर 9. लाकूड नॉर्वेकडून, जर्मनीकडून आलं, बहुतेक पाइन. आलापल्लीच्या सागवानाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला पाइनवर राजवाडा ही कल्पनाच पोरकट वाटते. पण ते सोट पावणेचारशे वर्षं टिकले आहेत आणि त्याचं कारण लाकडाच्या जातीत नाही, पाण्यात आहे. पाण्याखाली हवा पोचत नाही, हवा नाही म्हणून बुरशी नाही. पाणी खाली गेलं, सोटाचे माथे उघडे पडले, की काही वर्षांत ते भुसा होतात आणि वरची भिंत तडकते. म्हणजे पातळी वर जाऊन चालत नाही, तशी खालीही जाऊन चालत नाही. पूर तर नकोच, पण उपसाही हात राखून. आपल्याकडे पाणी जितकं जास्त तितकं बरं, असाच समज लहानपणापासून मनात बसलेला असतो.

यातली खरी गंमत मला जावयांनी सांगितली. या देशात जमीन समुद्राच्या खाली गेली ती बरीचशी माणसांच्या हातानं. हजारेक वर्षांपूर्वी इथले शेतकरी दलदलीत चर काढून पाणी काढू लागले. पीट वाळला की तो आकसतो, हवेनं जळतो, बसतो. जमीन बसली की पुन्हा ओल, म्हणून आणखी खोल चर. चरांनी भागेना तेव्हा पवनचक्क्या, मग वाफेचे पंप, आता विजेचे. पोल्डरमधून सायकलीनं गेलं तर रस्त्याच्या उजवीकडचा कालवा डोळ्यांच्या पातळीला आणि डावीकडची गाय पायथ्याशी, असं दृश्य दिसतं. पहिल्यांदा पाहताना पोटात गोळा येतो. शेतापेक्षा नहर उंच असणं मला नवीन नाही, भरावातल्या नहरी आमच्याकडेही आहेत. पण भराव फुटला तर आमचं पाणी वैनगंगेकडे निघून जातं. इथं जायला जागाच नाही.

नावेतली फेरी करायची म्हणून केली. काचेच्या छताची लांबडी बोट, कानात यंत्र, रेग्युलियर्सग्राख्तवर एका रेषेत दिसणारे सात पूल, हाऊसबोटींवरच्या कुंड्या, सगळ्यांचे हात उंचावलेले नि हातात मोबाइल. छान वाटतं, फार वेळ लक्षात राहत नाही. लक्षात राहिला तो एक कुरूप तराफा. त्यावर क्रेन, क्रेनला लोखंडी पंजा. तो पंजा पाण्यात बुडायचा आणि ढिवरानं जाळं ओढावं तसा वर यायचा, गाळ गळत आणि आत चार-दोन सायकली. या शहरात वर्षाला 12 ते 15 हजार सायकली कालव्यांतून निघतात. कालवा 3 मीटर खोल आहे, त्यात 1 मीटर गाळ, 1 मीटर सायकली आणि 1 मीटर पाणी, असा तिथला जुना विनोद आहे. आमच्या नहरीत मडकी, निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पन्न्या निघतात. मी तो पंजा पाहत एवढा वेळ उभा राहिलो की बायकोनं जवळच्या बाकावर बसून डबा उघडला.

हेरेनग्राख्तच्या वळणावरची घरं मात्र मला पाहवली नाहीत, म्हणजे नुसती कौतुकानं पाहवली नाहीत. 1602 साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे, साखरेचे, गुलामांच्या व्यापाराचे पैसे त्या दगडात आहेत. शहराच्या महापौरांनी 2021 मध्ये आणि राजानं 1 जुलै 2023 ला गुलामगिरीबद्दल माफी मागितली. या इतिहासाचं एक टोक आपल्याकडेही येतं, आणि ते मला वस्तुसंग्रहालयात नाही, एका दुकानात भेटलं.

बाजारातल्या रस्त्यावर सूरिनामी जेवणाचं एक छोटं दुकान होतं. पाटीवर रोटी असं लिहिलेलं पाहून बायको सरळ आत शिरली. गल्ल्यावर सत्तरीच्या बाई, पोशाख तिथला, कपाळावर छोटी टिकली. बायकोनं हिंदीत विचारलं, बाईंनी भोजपुरी वळणाच्या बोलीत उत्तर दिलं आणि दोघी सुरू झाल्या. दक्षिण अमेरिकेतलं सूरिनाम ही डच वसाहत. गुलामगिरी संपल्यावर मळ्यांना मजूर कमी पडले, म्हणून 1873 मध्ये कोलकात्याहून लाला रुख नावाचं जहाज माणसं भरून तिकडं गेलं. 1916 पर्यंत अशी 34 हजारांहून अधिक माणसं गेली, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडची. करार संपल्यावर अनेकांनी तिथंच जमीन घेतली आणि धान लावलं. 1975 मध्ये सूरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्यातले हजारो लोक नेदरलँडला आले. बाईंचं माहेर निकेरीचं, तिथल्या धानाच्या पट्ट्यातलं. त्यांचे आजोबा चिखलात रोप लावायचे, त्या स्वतःही लहानपणी लावायच्या.

"पाठ दुखत होती का?" बायकोनं विचारलं.

"अजूनही दुखते," बाई म्हणाल्या.

मग रोवणीत बाया गाणी म्हणतात का, बांधाला काय लावतात, मजुरी धानात मिळायची की पैशात, अशी चौकशी झाली. आमच्याकडे बांधांवर तूर असते. त्यांच्याकडे काय होतं ते मला ऐकू आलं नाही, कारण गिऱ्हाईक आलं. आमच्या भागात तलाव बांधणारे कोहळी लोक काशीकडून आले असं परंपरेनं सांगतात. म्हणजे गंगेकाठचा धानाचा गुण एकीकडे वैनगंगेला आला आणि दुसरीकडे अटलांटिक ओलांडून गेला. बाईंनी पैसे घेतले, पण एक रोटी जास्त बांधून दिली.

वॉटरलूप्लेनच्या नगरभवनात मी मुद्दाम गेलो, कारण तिथं माझ्या धंद्याचं देवस्थान आहे. लेव्हल घेणाऱ्याला एक पक्का बिंदू लागतो. आम्ही तो पुलाच्या दगडावर रंगानं लिहून ठेवतो. या शहरानं तो 1683-84 मध्ये भरतीच्या पाण्याची उंची मोजून ठरवला आणि हुडे यांनी आठ दारांच्या भिंतींत संगमरवरी दगड बसवले. समुद्राचा बांध शहराच्या पातळीपेक्षा 9 फूट 5 इंच उंच हवा, असं त्या दगडांवर कोरलं होतं. त्यातला एकच आता मूळ जागी उरला आहे. पुढं हीच शून्य रेषा सगळ्या देशाची झाली आणि युरोपातल्या अनेक देशांनी तिचा आधार घेतला. नगरभवनात तिचा पितळी खिळा पाहता येतो. शेजारी काचेचे तीन उंच स्तंभ, आत पाणी. दोन स्तंभांत समुद्राची आत्ताची पातळी दिसते, भरती-ओहोटीबरोबर खाली-वर होणारी. तिसऱ्यातलं पाणी डोक्याच्या कितीतरी वर, 4.55 मीटरला थांबलेलं: 1 फेब्रुवारी 1953 च्या रात्री झीलंड प्रांतात वादळानं समुद्र इतका चढला होता. 1,836 माणसं गेली. शाळेची सहल आली होती. पोरं त्या तिसऱ्या स्तंभापाशी उंची मोजून घेत होती, एक दुसऱ्याच्या खांद्यावर चढून. शिक्षिका ओरडत नव्हती, उलट किती कमी पडतंय ते सांगत होती.

सावली समुद्रसपाटीपासून सुमारे 200 मीटर उंच. आम्हाला समुद्राची भीती नाही. तरी तो खिळा पाहून मी चप्पल काढणार होतो. बायकोनं हात धरला.

एका संध्याकाळी जावयांनी टेबलावर एक बिल टाकलं. "बाबा, हे तुमच्या खात्याचं." पाणीपट्टी, पण नळाची नाही, ती वेगळी येते. हा कर वॉटरस्खाप नावाच्या संस्थेचा, म्हणजे जलमंडळाचा. बांध, कालवे, पातळी नि सांडपाणी यांच्यासाठी. देशात अशी 21 मंडळं आहेत. त्यांतल्या काहींचं मूळ तेराव्या शतकात जातं. नगरपालिका, प्रांत, राजा या सगळ्यांपेक्षा काही मंडळं जुनी आहेत. त्यांचा कर स्वतंत्र, निवडणूक स्वतंत्र. शेतकऱ्यांसाठी आणि निसर्गासाठी काही जागा राखीव. मार्च 2023 च्या निवडणुकीत जावयांनाही मतदानाचं पत्र आलं होतं. देशाच्या संसदेसाठी त्यांना मत नाही, पासपोर्ट अजून भारताचा. पण या जमिनीवर राहता, तर पाण्याच्या पातळीत तुमचाही शब्द आहे, असा हिशेब. जावई म्हणाले, आम्ही मत दिलं, पण उमेदवार काय म्हणत होते ते अर्धंच कळलं. त्यात विशेष काही नाही, हे मी त्यांना सांगितलं.

बिल हातात घेऊन मी जुन्या मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांकडच्या, तलावांचा विचार करत बसलो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे सुमारे 7 हजार तलाव. गोंड राजांच्या काळात, जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन, असा शब्द होता म्हणतात. पाळ कुणी बांधायची, तुडुम, म्हणजे तलावाचं दार, कुणी उघडायचं, कुणाची बांधी आधी भरायची, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवलेलं असायचं. पाणकर पाणी वाटायचा आणि त्याचा मेहनताना धानात मिळायचा. पावसाच्या आधी पाळीची डागडुजी करायला गाव यायचं. ही व्यवस्था स्वर्गातली नव्हती. मालगुजाराची मर्जी, बिगारी, जातीची उतरंड, सगळं त्यात होतं, आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली ते योग्यच झालं. पण मालगुजाराबरोबर पाणकरही गेला. तलाव सरकारी झाले, मोठे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, आणि पाळीवर उगवलेलं झुडूप कुणी तोडायचं याचं उत्तर गावात उरलं नाही. गाळ साचला, पोटात अतिक्रमण झालं. 2005 मध्ये पाणी वापर संस्थांचा कायदा आला. त्यात मुखाकडचे, मधले नि टेलचे अशा तिन्ही भागांतून संचालक घ्यायची सोय आहे. कागद चांगला आहे, मी स्वतः गावोगाव वाचून दाखवला आहे. सभेला टेलवाले सगळे यायचे. मुखाकडच्यांना यायची गरज वाटत नसे, त्यांना पाणी मिळतच होतं.

डच माणसं मुळातली समजूतदार, असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कालव्याला उतार नाही, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. शेजाऱ्याच्या दारात पाणी चढलं तर ते माझ्याही दारात चढलेलं असतं. अशा ठिकाणी सभा बुडवून चालत नाही.

या शहराचंही सगळं आलबेल नाही, हे मला शेवटी शेवटी दिसलं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. कालव्यांच्या काठाच्या भिंती घोडागाडीच्या काळातल्या, खाली तेच लाकडी सोट, आणि वरून आता मालाचे ट्रक जातात. 1 सप्टेंबर 2020 ला ग्रिमबर्गवाल इथली भिंत एकाएकी कालव्यात कोसळली. तारीख वाचून मी दचकलो. त्याच दोन-चार दिवसांत गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडले होते, वैनगंगा फुगली होती आणि ब्रह्मपुरीकडची गावंच्या गावं पाण्यात होती. आता ॲमस्टरडॅमला सुमारे 200 किलोमीटर भिंती नि कित्येकशे पूल तपासून दुरुस्त करायचे आहेत. जागोजाग पत्र्याच्या शीट ठोकून कालवा अर्धा अडवलेला, एल्मची झाडं टेकूंवर, पाणबुडे खाली जाऊन सोट चाचपून पाहणारे.

अशाच एका कामाच्या कुंपणाशी मी उभा होतो. पाटीवर नकाशा, कामाचे टप्पे आणि तारखा. मुलगी वाचून दाखवत होती. शेजारी एक म्हातारा सायकल टेकवून थांबला आणि इंग्रजीत तक्रार करू लागला: दोन वर्षं झाली, घरासमोर हा आवाज, बोट लावायला जागा नाही, खर्च वाढतोच आहे, पूर्ण कधी होणार ते कुणी छातीठोक सांगत नाही. बोलता बोलता त्यानं विचारलं, तुम्ही काय करता? मुलीनं सांगितलं, बाबा भारतात कालव्यांवर काम करायचे. म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. केवढा कालवा? मी म्हटलं, नदीवरच्या धरणातून आमच्या तलावापर्यंत शंभरेक किलोमीटर. त्यानं शीळ घातली आणि विचारलं, कधी पूर्ण झाला?

"पायाभरणी 1988 ची आहे," मी म्हटलं.

मुलीनं ते भाषांतर करून सांगितलं. म्हाताऱ्यानं पत्र्याच्या कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन वर्षांबद्दल पुढं काही बोलला नाही. पैसे कुणी भरले, असा त्याचा पुढचा प्रश्न होता. त्याचं उत्तर देत आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत गेलो आणि आलेल्या दोन ट्राम सोडून दिल्या.